घरच्या स्टुडिओतली घरघर: दोष लाईटचा की जोडणीचा?

मायक्रोफोन, ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी छोटी पेटी), लॅपटॉप आणि दोन मॉनिटर स्पीकर. एवढं मांडून पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं की आवाजामागे काहीतरी घुमतंय हे कळतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठेही असा, संशय आधी लाईटवरच जातो. व्होल्टेज वरखाली होतं, शेजारी बोअरची मोटर चालू असते, म्हणजे घाण तिथूनच येत असणार. मग वीज गाळून देणारी ‘पॉवर कंडिशनर’ नावाची जड पेटी मागवली जाते, हजारो रुपये जातात आणि घरघर जिथल्या तिथे राहते.

उत्तर आधीच देऊन टाकतो. वीज ‘शुद्ध’ केल्याने घरगुती स्टुडिओतला आवाज सहसा सुधारत नाही. अर्थिंग नीट असणं, उपकरणांची आपसातली जोडणी बरोबर असणं आणि खोली शांत असणं, यांनी सुधारतो. विजेचा खरा दोष असतोही, पण तो कमी वेळा असतो आणि मोजून सापडतो.

भिंतीतली वीज आवाजापर्यंत पोचते का?

बोर्डात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची एसी असते. इंटरफेसला लागते ५ किंवा १२ व्होल्टची डीसी. मध्ये अडॅप्टर असतो, तो एसीची डीसी करतो. इंटरफेसच्या आत आणखी रेग्युलेटर असतात आणि कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम, तिथेच वेगळी तयार होते. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर ‘१००–२४०’ असं छापलेलं असतं. म्हणजे संध्याकाळी व्होल्टेज १९० वर आलं तरी आतली डीसी तेवढीच राहते आणि गाणाऱ्याच्या आवाजात तसूभर फरक पडत नाही.

लोखंडी ट्रान्सफॉर्मर असलेले जुने ॲम्प्लिफायर आणि काही मॉनिटर मात्र याला अपवाद. व्होल्टेज पडलं की त्यांची ताकद कमी होते आणि मोठ्या आवाजाला ते लवकर फाटतात. हाही ऐकण्यातला फरक झाला, रेकॉर्डिंगमधला नव्हे.

पायरी १: आवाज ओळखा

हेडफोन लावा, कुणी गात-वाजवत नसताना गेन (माइकचा आवाज इंटरफेस किती वाढवतो ते बटण) वाढवा आणि नुसतं ऐका.

खोल, गोल घुमणं असेल तर ते ५० हर्ट्झ. जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा दोन वाटांनी जोडली गेलेली अर्थ, ही त्याची नेहमीची कारणं.

त्यातच भुंग्यासारखी चरचर असेल तर १००, १५०, २०० असे वरचे पट मिसळलेत. पंख्याचा किंवा दिव्याचा डिमर, स्वस्त एलईडी किंवा दोन पिनांच्या अडॅप्टरची गळती बघा. जुन्या मिक्सरमधून नुसता १०० हर्ट्झचा जोर येत असेल तर त्याच्याच पॉवर सप्लायमधले मोठे कॅपॅसिटर वाळले किंवा फुगलेत. ते बदलून घ्या. बाहेर कितीही फिल्टर लावले तरी हा दोष जात नाही.

माऊस हलवला की बदलणारी चिरचिर यूएसबीतून येते.

एकदाच ‘टक’ होऊन थांबत असेल तर फ्रिज, मोटर किंवा स्टॅबिलायझरची रिले, म्हणजे आपोआप पडणारा स्विच.

आणि सलग ‘स्स्स’ म्हणजे माइक आणि प्रीॲम्पचा (माइकचा सिग्नल वाढवणारा इंटरफेसमधला भाग) स्वतःचा आवाज. नवखे लोक सगळ्यात जास्त पैसे याच्यावर वाया घालवतात, कारण विजेशी याचा काडीचा संबंध नसतो. माइक गाणाऱ्याच्या जवळ आणा, गेन कमी करा. तोंडापासून ६० सेंटिमीटरवरचा माइक १५ सेंटिमीटरवर आणला की आवाज सुमारे १२ डीबीने (डेसिबलने) वाढतो आणि तेवढाच गेन खाली घेता येतो.

पायरी २: छोट्या, स्वस्त भागाने मोजा

बाजारातली बरीच महागडी यंत्रं सांगणार नाहीत ते एक छोटा प्लग सांगतो. एक्सएलआरचा मेल कनेक्टर घ्या, म्हणजे माइकच्या केबलचं जे टोक इंटरफेसमध्ये जातं तो. त्याच्या आत २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर डाख मारून लावा. १ नंबरची पिन मोकळी सोडा. रेझिस्टरला पैसे लागतात म्हणायला, खर्च काय तो कनेक्टरचा. इंटरफेसच्या दृष्टीने हा प्लग म्हणजे कानात बोळे घातलेला माइक.

आता तीन रेकॉर्डिंग करा, प्रत्येकी ३० सेकंदांची. गेन तिन्ही वेळी तोच ठेवा, साधारण ५० डीबी.

पहिलं, नुसता हा प्लग लावून, फँटम बंद. दुसरं, माइक लावून, पण पंखा, ट्यूब, फ्रिज सगळं बंद. तिसरं, माइक लावून, घर नेहमीसारखं चालू.

रीपर किंवा ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तिन्हींची आरएमएस, म्हणजे सरासरी पातळी बघा. बऱ्या इंटरफेसवर पहिल्याची पातळी −८५ डीबीएफएसच्या (कमाल पातळी ० धरून मोजलेले डेसिबल) आसपास किंवा त्याखाली येते. तशी आली आणि घरघरही नसली, तर विजेची चौकशी इथेच संपली. दुसऱ्या-तिसऱ्यात जे वाढलंय ते बहुतेक हवेतून माइकमध्ये शिरलंय. बेळगावच्या वडगाव-खासबाग भागात मागाची खटखट किंवा उद्यमबागेजवळ मशीनची घरघर असली की लोक ‘लाईनमधून येतंय’ म्हणतात, पण प्लग लावल्यावर ती गायब होते. म्हणजे इलाज खिडकीच्या फटींवर आणि जाड पडद्यावर करायचा, वायरिंगवर नाही.

प्लग लावूनही घरघर राहिली तर ती विजेची किंवा जोडणीची. ऑडॅसिटीत तो तुकडा निवडून ‘ॲनालाइझ’मधलं ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा, साइज ६५५३६ ठेवा. ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगला मग एक हर्ट्झपेक्षाही बारीक फरक दिसतो. ५०, १००, १५० वरच्या सुळक्यांची उंची लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक बदल याच आकड्यांशी ताडायचा. ‘आता जरा स्वच्छ वाटतंय’ या भावनेवर विसंबू नका, नवीन वस्तू आणली की ती प्रत्येकालाच होते.

ही घरघर गाण्याला का खुपते तेही इथे दिसतं. पांढरी एकच्या पट्टीत खालचा पंचम ९८ हर्ट्झला येतो आणि घरघरीचा दुसरा पट बसतो १०० वर, म्हणजे पंचमापेक्षा अर्ध्या स्वराच्या एक तृतीयांश चढा. तंबोरा कितीही सुरात लावला तरी त्याच्या शेजारी हा बेसूर पंचम चालूच राहतो. टाळ-मृदंगाच्या अभंगात तो झाकून जातो. संथ आलापात, नुसत्या पेटी-तंबोऱ्यावर, तोच आधी कानात शिरतो.

पायरी ३: एकेक काढत जा

प्लग लावलेलाच ठेवा आणि या क्रमाने बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

१. लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा, बॅटरीवर चालवा. घरघर गेली तर दोषी सापडला.
२. मॉनिटर स्पीकरच्या केबल इंटरफेसमधून काढा, हेडफोनवर ऐका.
३. कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक तंबोरा, मोबाइल, जे जे केबलने जोडलंय ते सोडवा.
४. पंख्याचा रेग्युलेटर, डिमर आणि एलईडी बंद करा.
५. इंटरफेस आहे त्या जागेवरून उचलून फिरवा. फिरवल्यावर घरघर कमी-जास्त झाली तर जवळ ट्रान्सफॉर्मर आहे. बहुतेकदा तो टेबलाखाली ठेवलेला इन्व्हर्टर असतो. तो दोन मीटर दूर न्या.

चार्जरचं प्रकरण जरा समजून घेण्यासारखं आहे. दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये एसीच्या बाजूकडून डीसीच्या बाजूला एक लहानसा कॅपॅसिटर असतो. त्यातून अगदी थोडा करंट गळतो. म्हणूनच लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवला की झिणझिण्या येतात, आणि मल्टिमीटरने लॅपटॉपची बॉडी आणि अर्थ यांच्यामध्ये मोजलं तर ९०–११० व्होल्टही दिसू शकतात. करंट नगण्य असल्याने शॉक बसत नाही. पण हाच करंट साडेतीन मिलिमीटरच्या जॅकच्या केबलमधून वाट काढतो आणि रेकॉर्डिंगमध्ये चरचर होऊन बसतो. तीन पिनांचा, अर्थ असलेला चार्जर वापरला की ही गळती अर्थमध्ये जाते. अर्थात, बोर्डात खरी अर्थ असेल तरच.

पायरी ४: अर्थिंग, आणि इथे घाई नको

या भागातल्या जुन्या घरांत अर्थची वायर नळाच्या लोखंडी पाइपला बांधायची पद्धत होती. पुढे पाइप पीव्हीसीचे झाले आणि अर्थ हवेत लटकत राहिली. बोर्डात तिसरं भोक दिसतं, त्यामागे काही नसतं.

तीनशे-चारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टवर लावून तीन आकडे घ्या. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. विजेला हात लावायची सवय नसेल तर हे काम वायरमनकडून करून घ्या, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास यायला हवं. फेज ते अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ ० ते २ व्होल्ट. ५ च्या वर गेलं तर न्यूट्रलचा जोड कुठेतरी सैल आहे किंवा अर्थ कमकुवत आहे. फेज ते अर्थ ८०, १२० असे भलतेच आकडे आले तर अर्थ नाहीच, असं समजा.

एक लबाडी मात्र मीटरला सहज फसवते. काही ठिकाणी सॉकेटच्या आत न्यूट्रललाच तुकडा टाकून अर्थच्या भोकाला जोडलेलं असतं. आकडे छान येतात, पण न्यूट्रल तुटला की उपकरणाच्या बॉडीवर थेट २३० व्होल्ट येतात. ओळखायचं असं: त्याच लाईनवर इस्त्री चालू करा आणि न्यूट्रल ते अर्थ मोजा. आकडा थोडा तरी हलला पाहिजे. ठाम ०.० राहिला तर सॉकेट उघडून बघायला सांगा. शिवाय मीटर करंट ओढत नाही, त्यामुळे गंजलेली अर्थही तो चांगली दाखवतो. वायरमनला फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा दिवा लावून बघायला सांगा. तो पूर्ण पेटायला हवा. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर ती लगेच पडेल, पण त्यावरून अर्थची वाट आहे एवढंच कळतं, ती किती चांगली आहे ते नाही.

नवीन अर्थ घ्यायची तर जमीन बघून घ्या. खानापूर, जांबोटीकडची तांबडी, जांभ्याची जमीन पावसाळ्यात ओली असते, एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत होते आणि अर्थचा रोध वाढतो. निपाणी-चिकोडी-अथणीची काळी जमीन ओल धरते, पण उन्हाळ्यात भेगाळली की पाइपापासून सुटते. ४० मिलिमीटरचा, अडीच मीटर लांबीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप, भोवती कोळसा-मीठ आणि वरून पाणी घालायला नरसाळं ही इथली रुळलेली पद्धत आहे. उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी घालायचं विसरू नका. अर्थ टेस्टरवर ५ ओहमच्या आत आलं की काम झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘स्टुडिओला वेगळी अर्थ घ्या’ हा सल्ला सर्रास मिळतो. वेगळा खड्डा खुशाल घ्या, पण तो घराच्या अर्थला जाड वायरने जोडलेलाच हवा. नाही जोडला तर दोन अर्थमध्ये व्होल्टेजचा फरक राहतो, घरघर उलट वाढते आणि जवळपास वीज पडली तर हजारो व्होल्टचा फरक तुमच्या इंटरफेसमधून वाट काढतो. आणि घरघर जावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढणं किंवा तिला टेप गुंडाळणं हा इलाज कधीच करू नका. घरघर जाते हे खरं, पण गाणाऱ्याचा ओठ धातूच्या माइकला लागलेला असतो हे लक्षात घ्या.

न्यूट्रल-अर्थचा फरक बाहेरूनच, खांबापासूनच येत असेल किंवा पूर्ण गल्लीतच व्होल्टेज पडत असेल तर ते घरात दुरुस्त होत नाही. हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

पायरी ५: एकच बोर्ड, बॅलन्स्ड केबल

लॅपटॉप, इंटरफेस, मॉनिटर सगळं एकाच भिंतीच्या सॉकेटवरून, एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. सगळं मिळून दीडशे वॅटच्या आसपास लागतं, ६ अँपिअरचं सॉकेट पुरतं. मॉनिटर एका भिंतीवर आणि लॅपटॉप समोरच्या भिंतीवर लावला की दोन अर्थच्या वायर आणि मधली ऑडिओ केबल मिळून एक मोठा वेढा तयार होतो. घरघर त्यातूनच उठते.

इंटरफेस ते मॉनिटर बॅलन्स्ड, म्हणजे टीआरएस केबल वापरा, तीन भागांच्या पिनची. दोन भागांची साधी पिन किंवा आरसीए असली की घरघर आत शिरायला वाट मोकळी होते. नुसती ही केबल बदलून घरघर गेल्याची उदाहरणं बरीच सापडतील. ऑडिओ केबल विजेच्या वायरपासून फूटभर दूर ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा कीबोर्ड थेट लाईनने घेताना मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल माइकच्या इनपुटला जुळवून देणारी डबी) घाला आणि त्याचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण वापरून बघा. इथे अर्थ तुटते ती सिग्नलची, विजेची नाही, म्हणून ते सुरक्षित आहे. त्याहून सोपं म्हणजे तंबोरा मोबाइलच्या ॲपवरून, चार्जर न लावता घ्या.

यूएसबीची चिरचिर असेल तर आधी दुसरं पोर्ट, मग आखूड केबल, मग स्वतःचा अडॅप्टर असलेला हब. यूएसबी आयसोलेटर नावाची वस्तू विकत घेण्याआधी तिचा वेग तपासा. स्वस्तातले बहुतेक १२ मेगाबिटवर चालतात, इंटरफेसला बहुतेकदा ४८० मेगाबिट लागतात. जोडला की इंटरफेस दिसेनासाच होतो.

पायरी ६: लाईट गेल्यावर

इथे खर्च करणं योग्य आहे, पण आवाजासाठी नाही. अर्ध्या तासाचा टेक आणि लॅपटॉपमधली फाइल वाचावी म्हणून.

इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्हवर मॉनिटरमधला ट्रान्सफॉर्मर स्वतःच भुणभुणतो आणि १५०, २५०, ३५० हर्ट्झचे पट उठतात. १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी दोन पंखे, दिवे आणि स्टुडिओ मिळून तीन-चार तास ओढते. मागे ‘यूपीएस’ मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा, लाईट जाता-येता संगणक बंद पडत नाही.

टेबलावरचा ६०० व्हीएचा लहान यूपीएस सगळ्या सेटअपला दहा-पंधरा मिनिटं देतो, मॉनिटर बंद केले तर त्याच्या दुप्पट. सेव्ह करायला तेवढं पुरे. याचीही वेव्ह बऱ्याचदा चौकोनीच असते, म्हणून त्यावर रेकॉर्डिंग पुढे रेटू नका. आवाज घ्यायचाच असेल तर लॅपटॉप बॅटरीवर आणि यूएसबीवर चालणारा इंटरफेस, ही जोडी लाईट नसतानाही उत्तम चालते. किंबहुना पंखा आणि फ्रिज बंद असल्याने रात्री लाईट गेलेली असताना घेतलेला टेक बहुधा सगळ्यात शांत येतो.

रिलेवाला स्टॅबिलायझर स्टुडिओच्या लाईनवर नको. फ्रिजला ठीक, इथे त्याची टकटक रेकॉर्ड होते.

मग कंडिशनर घ्यायचाच नाही का?

वरचं सगळं केल्यावरही १५० ओहमच्या प्लगवर सुळके दिसत असतील, आणि ते शेजारचं वेल्डिंग किंवा मोटर चालू असतानाच दिसत असतील, तर कंडिशनरऐवजी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (स्टुडिओची लाईन घरच्या लाईनपासून वेगळी करणारा) उपयोगी पडतो. ५०० व्हीएचा स्टुडिओला पुरतो. तो स्वतः गुंजतो, म्हणून माइकच्या खोलीबाहेर ठेवा आणि पुढच्या बाजूची अर्थ वायरमनकडूनच जोडून घ्या. जाड पॉवर केबल, सोन्याचा मुलामा दिलेले प्लग वगैरेंवर मात्र एक रुपयाही घालवू नका.

आधीच झालेल्या रेकॉर्डिंगमधली घरघर ५०, १००, १५० वर अरुंद नॉच (तेवढीच पट्टी कापणारा फिल्टर) लावून कमी करता येते. नुसत्या गळ्याला चालतं. डग्ग्याचा घुमारा मात्र याच पट्ट्यात असतो, तबल्याच्या ट्रॅकवर नॉच लावला की डग्गा पोकळ वाजतो.

वळवाचे दिवस

एप्रिल-मेच्या दुपारी ढग गडगडायला लागले की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग ओढून काढा. राउटरची लॅन केबलही काढा, ती लोक हमखास विसरतात. डिस्ट्रिब्युशन बोर्डात टाइप-२ सर्ज प्रोटेक्टर बसवलेला चांगला, पण त्यालाही चांगली अर्थ लागतेच. स्पाईक गार्डमधला भाग प्रत्येक झटक्याला थोडा थोडा झिजतो. त्याचा दिवा लागत नसेल तर आता तो नुसता एक्स्टेन्शन बोर्ड उरलाय.

लाईट आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, व्होल्टेज स्थिर होऊ द्या. मग लॅपटॉप, त्यानंतर इंटरफेस आणि सगळ्यात शेवटी मॉनिटर चालू करा. बंद करताना आधी मॉनिटर, म्हणजे स्पीकरमध्ये ‘ढप्प’ होत नाही.